हक्काकडून परवान्याकडे : वेस्ट बँकमधील लष्करी तपासणी नाके आणि पॅलेस्टिनी जनजीवन

प्रस्तावना

रामल्ला आणि जेरुसलेम या दोन शहरांमधील अंतर जेमतेम पंधरा किलोमीटर आहे. या वाटेवर कलंदिया नावाचे गाव, त्याच नावाची निर्वासितांची छावणी आणि एक बंद पडलेला विमानतळ लागतो. २००१ पासून या ठिकाणी इस्रायली लष्कराचा तपासणी नाका आहे. आरंभी तेथे काँक्रीटचे ठोकळे आणि काही सैनिक एवढेच होते. आज तेथे उंच भिंत, लोखंडी पिंजऱ्यांसारख्या अरुंद वाटा, फिरती फाटके आणि चेहरा ओळखणारी यंत्रे आहेत. या पाव शतकात जी पिढी मोठी झाली, तिने जेरुसलेमचा रस्ता अडथळ्यावाचून कधी पाहिलेला नाही.

मराठी वाचकाला 'नाका' म्हटले की जकात नाका आठवतो. तेथे दर ठरलेला असतो, पावती मिळते आणि पैसे भरले की वाट मोकळी होते. वेस्ट बँकमधील, म्हणजे जॉर्डन नदीच्या पश्चिमेकडील व्याप्त प्रदेशातील, लष्करी नाक्याला हे वर्णन लागू पडत नाही. तेथे काय केले असता वाट मोकळी होईल, हे अडलेल्या माणसाला आधी ठाऊक नसते. अडथळा या अर्थाचा 'मह्सोम' हा हिब्रू शब्द पॅलेस्टिनी बोलीत अरबी 'हाजिझ'च्या जोडीने 'मह्सूम' म्हणून रूढ झाला आहे. अडवणाऱ्याच्या भाषेतील शब्द अडलेल्याच्या तोंडी इतका सहज बसावा, यावरूनच नाका किती अंगवळणी पडला आहे याची कल्पना येते.

नाक्यांविषयीचे लेखन बहुधा खोळंबा आणि अपमान यांच्या वर्णनाने भरलेले असते. ते वर्णन खोटे नाही. तथापि इतिहासक्रमाने पाहिल्यास निराळीच गोष्ट ध्यानी येते. नाक्याच्या आधी परवाना आला. जाण्यायेण्याचा जो हक्क सर्वांना गृहीत होता, तो प्रथम कागदावर काढून घेण्यात आला आणि रस्त्यावरचे ठोकळे त्यानंतर उभे राहिले. प्रस्तुत लेखात या क्रमाचा मागोवा घेतला आहे.

सामान्य परवान्याचा काळ

या व्यवस्थेची मुळे १९६७ पूर्वीची आहेत. ब्रिटिश अमदानीत, १९४५ साली, पॅलेस्टाइनमध्ये संरक्षणविषयक आणीबाणीचे नियम जारी करण्यात आले. एखादे क्षेत्र बंद जाहीर करणे, संचारास मनाई करणे आणि प्रवासासाठी परवाना सक्तीचा करणे असे अधिकार त्यांनुसार लष्करी अधिकाऱ्यास मिळाले. त्या काळी हे नियम ज्यू समाजाविरुद्धही वापरले गेले आणि ज्यू कायदेपंडितांनी त्यांचा निषेध केला होता. १९४८ मध्ये इस्रायल स्थापन झाल्यावर मात्र हेच नियम नव्या राज्यात राहिलेल्या अरब नागरिकांवर लागू झाले. हे अरब इस्रायलचे मतदार होते. तरीही शेजारच्या गावी जाण्यास त्यांना लष्करी राज्यपालाच्या कचेरीतून परवाना आणावा लागे. ही लष्करी राजवट डिसेंबर १९६६ मध्ये संपली. पुढे अवघ्या सहा महिन्यांत, जून १९६७ च्या युद्धात, वेस्ट बँक, पूर्व जेरुसलेम आणि गाझापट्टी इस्रायलच्या ताब्यात आली आणि परवान्याच्या अनुभवी यंत्रणेला नवे कार्यक्षेत्र मिळाले.

गमतीची बाब अशी की व्याप्तीची पहिली वीस-बावीस वर्षे संचाराच्या दृष्टीने तुलनेने मोकळी होती. तत्कालीन संरक्षणमंत्री मोशे दायान यांनी जॉर्डन नदीवरील पूल व्यापारासाठी खुले ठेवण्याचे धोरण स्वीकारले. १९७२ मध्ये एका सामान्य आदेशाद्वारे वेस्ट बँक आणि गाझामधील रहिवाशांना इस्रायलमध्ये जाण्याची सरसकट मुभा देण्यात आली. रात्रीचे काही तास तेवढे वगळलेले होते. गाझाचा मजूर सकाळी तेल अवीवच्या बांधकामावर जाई, नाब्लुसचा व्यापारी हैफाला माल पोहोचवी, हेब्रॉनचे कुटुंब जाफाच्या समुद्रावर सुटी घालवी. १९८७ पर्यंत एक लाखाहून अधिक पॅलेस्टिनी इस्रायलमध्ये रोजंदारीवर होते.

या मोकळिकीचा अर्थ स्वातंत्र्य असा घेणे चूक ठरेल. जमिनींचे संपादन, वसाहतींची उभारणी, संचारबंदी आणि धरपकड या काळात चालूच होती. बिर्झेइत विद्यापीठ तर जानेवारी १९८८ पासून एप्रिल १९९२ पर्यंत, म्हणजे चार वर्षांहून अधिक काळ, लष्करी आदेशाने बंद होते. इस्रायलला स्वस्त मजूर हवा होता आणि मोकळा रस्ता ही त्या मजुरीची गरज होती. तरीही नियम आणि अपवाद यांचे नाते त्या वेळी सरळ होते. जाण्याची मुभा सर्वांना असे आणि ज्याला अडवायचे त्याच्यासाठी वेगळा आदेश काढावा लागे.

हे नाते १९८९ ते १९९३ या चार वर्षांत उलटे झाले. डिसेंबर १९८७ मध्ये पहिला इंतिफादा सुरू झाला. १९८९ मध्ये गाझातील मजुरांना इस्रायलमध्ये जाण्यासाठी चुंबकीय ओळखपत्र सक्तीचे करण्यात आले. जानेवारी १९९१ मध्ये, आखाती युद्धाच्या वेळी, १९७२ चा सामान्य परवाना रद्द झाला. यापुढे प्रत्येकाने व्यक्तिशः परवाना मिळवावा असे ठरले. मार्च १९९३ मध्ये इस्रायली नागरिकांवरील प्राणघातक हल्ल्यांच्या मालिकेनंतर व्याप्त प्रदेशाची सर्वंकष नाकेबंदी करण्यात आली आणि जेरुसलेमभोवती कायमचे नाके बसले. तात्पुरती म्हणून जाहीर झालेली ही नाकेबंदी पूर्णपणे कधीच उठली नाही.

येथे कालक्रम महत्त्वाचा आहे. नाके हे आत्मघातकी बाँबस्फोटांना दिलेले उत्तर होय, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु इस्रायली शहरातील असा पहिला स्फोट अफुला येथे एप्रिल १९९४ मध्ये झाला. तोवर व्यक्तिगत परवान्याची पद्धत तीन वर्षांची आणि सर्वंकष नाकेबंदी एक वर्षाची झाली होती. याच काळातील आणखी एक विसंगती नोंदवण्याजोगी आहे. नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारनाम्याचा बारावा अनुच्छेद संचारस्वातंत्र्याची हमी देतो. इस्रायलने या करारनाम्यास ऑक्टोबर १९९१ मध्ये मान्यता दिली. म्हणजे सामान्य परवाना रद्द केल्यानंतर नऊ महिन्यांनी.

ओस्लोनंतरचा नकाशा

सप्टेंबर १९९३ चा ओस्लो करार आणि त्यापाठोपाठ १९९५ चा दुसरा करार यांनी ही स्थिती पालटेल अशी अपेक्षा होती. दुसऱ्या करारानुसार वेस्ट बँकची विभागणी अ, ब आणि क अशा तीन क्षेत्रांत झाली. अ क्षेत्रात मोठी शहरे, ब मध्ये बहुतेक खेडी आणि उरलेले सुमारे ६० टक्के क क्षेत्र संपूर्ण इस्रायली नियंत्रणाखाली. अ आणि ब मिळून एकसलग प्रदेश होत नाही. क क्षेत्राच्या समुद्रात त्यांची शंभराहून अधिक बेटे झाली. एका बेटावरून दुसऱ्यावर जायचे तर मधला रस्ता इस्रायली लष्कराचा. शांततेच्या कराराने नाक्यांसाठी जागा आखून दिल्या असे म्हणणे कठोर वाटेल, पण २००० नंतर घडले ते असेच.

सप्टेंबर २००० मध्ये दुसरा इंतिफादा भडकला आणि नाके शहरांच्या मध्ये, खेड्यांच्या तोंडाशी आले. त्यांचे प्रकारही वाढले. काही नाक्यांवर चोवीस तास पहारा असे, काहींवर अधूनमधून. काही ठिकाणी बुलडोझरने लोटलेला मातीचा ढीग किंवा रस्त्यात खणलेला चर एवढाच अडथळा असे. त्याच्याशी हुज्जत घालायला माणूसही नसे. याशिवाय लष्करी जीप आडवी लावून केलेला 'उडता' नाका कोठेही, केव्हाही उभा राही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवतावादी समन्वय कार्यालयाने अशा सर्व अडथळ्यांची वेळोवेळी मोजदाद केली आहे. २०२० मध्ये ते ५९३ होते, २०२३ च्या आरंभी ६४५ आणि २०२५ च्या आरंभी ८४९. ज्या प्रदेशात हे अडथळे आहेत, त्याचे क्षेत्रफळ सहा हजार चौरस किलोमीटरही नाही.

काळाचा अपहार

रस्ता अडला म्हणजे अंतर वाढते, हे उघड आहे. त्याहून गंभीर गोष्ट ही की वेळेचा भरवसा नाहीसा होतो. जागतिक बँकेने २००७ मध्ये वेस्ट बँकमधील संचारनिर्बंधांवर जो अहवाल प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकातच 'अनिश्चितता' हा शब्द होता. दोन तास लागणार हे निश्चित असेल तर माणूस दोन तास आधी निघतो. व्यापारी तेवढा खर्च किमतीत धरतो. पण आज वीस मिनिटे, उद्या चार तास आणि परवा रस्ताच बंद, अशी स्थिती असल्यास कोणताही हिशेब मांडता येत नाही. माल एका मालमोटारीतून उतरवून नाक्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या दुसऱ्या मोटारीत चढवण्याची पद्धत सक्तीची झाल्यावर टोमॅटो-द्राक्षांसारख्या नाशवंत मालाचे काय होत असेल, हे निराळे सांगण्याची गरज नाही.

नाब्लुस हे या संदर्भातले ठळक उदाहरण. ऑलिव्ह तेलाचा साबण आणि कुनाफा नावाची मिठाई यांसाठी प्रसिद्ध असलेले हे उत्तरेकडील जुने व्यापारी शहर. शहराच्या दक्षिणेस हुवारा आणि पश्चिमेस बेइत इबा असे दोन नाके २००० नंतर बसले. काही काळ तर सोळा ते पस्तीस या वयोगटातील पुरुषांना शहराबाहेर पडण्यास सरसकट मनाई होती. खासगी मोटारींना खास परवान्याशिवाय प्रवेश नसे. प्रवासी अलीकडे उतरून नाका पायी ओलांडीत आणि पलीकडे दुसऱ्या टॅक्सीत बसत. ओझी वाहणारे हमाल, हातगाड्या, चहा-कॉफी विकणारी मुले यांचा एक बाजारच या रांगांच्या आधाराने उभा राहिला. हुवाराचा नाका पुढे २००९ ते २०११ च्या सुमारास बराच सैल करण्यात आला. बांधकाम मात्र जागेवर राहिले आणि गरज वाटेल तेव्हा तो पुन्हा आवळला गेला.

नाक्यांच्या रचनेचा अभ्यास करणारे इस्रायली वास्तुविशारद एयाल वाइझमन यांनी एक बारीक गोष्ट नोंदवली आहे. इस्रायलमधील सार्वजनिक ठिकाणच्या फिरत्या फाटकांचे दांडे साधारण पाऊण मीटर वा त्याहून लांब असतात. नाक्यांसाठी ते ५५ सेंटिमीटरचे बनवून घेण्यात आले. सामानाची पिशवी घेतलेला किंवा कडेवर मूल असलेला माणूस त्यात अडकतो. यावर उपाय म्हणून मोठ्या नाक्यांवर वृद्ध, रुग्ण आणि लहान मुलांच्या माता यांच्यासाठी निराळे फाटक ठेवलेले असते. त्यास 'मानवतावादी फाटक' असे नाव आहे. उरलेल्या फाटकांना मग काय म्हणावे, हा प्रश्न त्या नावानेच उपस्थित केला आहे.

शिक्षण, आरोग्य, शेती

महाविद्यालयीन अध्यापकाला बिर्झेइतचा अनुभव विशेष जवळचा वाटेल. रामल्लापासून विद्यापीठाकडे जाणारा रस्ता २००१ मध्ये सुर्दा गावापाशी उखडण्यात आला आणि तेथे नाका बसला. सुमारे अडीच-तीन वर्षे विद्यार्थी, प्राध्यापक आणि कर्मचारी टॅक्सीतून उतरून मधला पट्टा पायी तुडवीत आणि पलीकडे दुसरी टॅक्सी धरीत. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात धूळ. ज्या दिवशी नाका बंद, त्या दिवशी वर्ग नाही, परीक्षा नाही. व्याख्यान पहिल्या तासाला ठेवायचे की तिसऱ्या, हे वेळापत्रक समितीने न ठरवता नाक्यावरील तुकडीने ठरवावे, असा हा प्रकार. याचा दूरगामी परिणाम विद्यार्थ्यांच्या निवडीवर झाला. आपल्या आवडीचा विषय कोठे शिकवतात यापेक्षा कोणते विद्यापीठ नाक्याच्या अलीकडे आहे, हा विचार प्रधान ठरू लागला. गाझातील तरुणांसाठी तर वेस्ट बँकमधील विद्यापीठांचे दरवाजे २००० नंतर जवळजवळ बंदच झाले. ओळखपत्रावर गाझाचा पत्ता असणारा विद्यार्थी वेस्ट बँकच्या एखाद्या नाक्यावर सापडला, तर पदवी हाती येण्याआधीच त्याची गाझाला रवानगी होऊ शके. अशा प्रसंगी अपराध काय, तर पत्ता.

आरोग्याच्या बाबतीत परिणाम जीवघेणे झाले. पॅलेस्टिनी आरोग्य मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २००० नंतरच्या पाच-सहा वर्षांत साठाहून अधिक स्त्रिया नाक्यावर अडकून तेथेच प्रसूत झाल्या आणि तीसहून अधिक अर्भके दगावली. संख्या लहान वाटेल. पण अशा एका घटनेची वार्ता गावोगाव पोहोचली की शेकडो गरोदर स्त्रियांचे वर्तन बदलते. दिवस भरण्याआधीच शहरातील नातेवाइकांकडे जाऊन राहणे, रुग्णालयाचा नाद सोडून घरीच सुईणीच्या हाती स्वाधीन होणे, असे मार्ग पत्करले गेले. ही भीती कोणत्याही तक्त्यात मावत नाही. कर्करोगावरील किंवा हृदयावरील विशेष उपचार पूर्व जेरुसलेममधील मकासेद आणि ऑगस्टा व्हिक्टोरिया या रुग्णालयांत मिळतात. तेथे जाण्यास रुग्णाला परवाना लागतो आणि सोबत जाणाऱ्या आई-बापालाही वेगळा परवाना लागतो. वेस्ट बँकची रुग्णवाहिका सहसा नाक्यापर्यंतच जाते. तेथे रुग्णास स्ट्रेचरवरून इस्रायली क्रमांकपट्टीच्या दुसऱ्या रुग्णवाहिकेत हलवले जाते. मालासाठी जी पद्धत, तीच माणसासाठी.

शेतीची कथा भिंतीशी जोडलेली आहे. २००२ पासून उभारण्यात येत असलेल्या विभाजक भिंतीचा नियोजित मार्ग सुमारे ७१० किलोमीटरचा असून त्याचा सुमारे ८५ टक्के भाग १९६७ पूर्वीच्या सीमारेषेवर नसून वेस्ट बँकच्या आत आहे. सीमारेषा आणि भिंत यांच्यामध्ये सापडलेला पट्टा ऑक्टोबर २००३ मध्ये बंद क्षेत्र म्हणून जाहीर झाला. तेथे राहणाऱ्या पॅलेस्टिनी कुटुंबांना स्वतःच्याच घरात राहण्यासाठी परवाना काढावा लागला. ज्यांची शेते तिकडे आहेत आणि घरे इकडे, त्यांच्यासाठी भिंतीत फाटके ठेवण्यात आली. त्यांतील पुष्कळशी फक्त ऑलिव्हच्या हंगामात, ठरावीक दिवशी आणि ठरावीक तासांना उघडतात. ऑलिव्हचे झाड आपल्याकडील आंब्याप्रमाणे पिढ्यान्‌पिढ्यांचे असते. नांगरणी, छाटणी, राखण वर्षभर करावी लागते. वर्षातून काही दिवस मिळणारा प्रवेश फळे उतरवण्यासच कसाबसा पुरतो. ऑक्टोबर २०२३ नंतर तर बहुतेक फाटके बंद राहिली. इतरत्रही वसाहतींलगतच्या जमिनींत जाण्यास मनाई झाली आणि संयुक्त राष्ट्रांच्या नोंदीप्रमाणे त्या हंगामात वेस्ट बँकमधील ९६ हजारांहून अधिक दुनम, म्हणजे सुमारे २४ हजार एकर, क्षेत्रातील ऑलिव्ह झाडावरच राहिले.

हेब्रॉन शहरात हे सारे एका वस्तीत एकवटलेले दिसते. फेब्रुवारी १९९४ मध्ये इब्राहिमी मशिदीत एका ज्यू वसाहतवाद्याने नमाज पढणाऱ्या २९ पॅलेस्टिनींची गोळ्या घालून हत्या केली. त्यानंतर निर्बंध आले ते मुख्यतः पॅलेस्टिनींवर. शुहदा रस्ता हा शहराच्या बाजारपेठेचा कणा. तो टप्प्याटप्प्याने त्यांना बंद झाला. काही घरांची रस्त्याकडील दारे सील करण्यात आली आणि रहिवासी गच्चीवरून ये-जा करू लागले. १९९७ च्या करारानुसार इस्रायली नियंत्रणाखाली राहिलेल्या या भागात काही शे वसाहतवादी आणि तीस हजारांहून अधिक पॅलेस्टिनी राहतात. २०२३ मधील एकूण ६४५ अडथळ्यांपैकी ८० एकट्या या भागात होते.

सुरक्षेचा युक्तिवाद आणि कायदा

इस्रायली बाजू दुर्लक्षण्याजोगी नाही. २००१ ते २००४ या काळात बस, उपाहारगृहे आणि बाजारपेठांत झालेल्या आत्मघातकी स्फोटांत शेकडो इस्रायली नागरिक मारले गेले. मार्च २००२ मध्ये नेतान्या येथील एका हॉटेलात सणाच्या पंगतीवर झालेल्या हल्ल्यात ३० जण दगावले. आपल्या नागरिकांचे रक्षण हे कोणत्याही राज्याचे कर्तव्यच होय. परंतु हा युक्तिवाद इस्रायलच्या सीमेवरील तपासणीला जेवढा लागू पडतो, तेवढा रामल्ला ते बिर्झेइत किंवा नाब्लुस ते शेजारचे खेडे यांच्या मधल्या नाक्याला लागू पडत नाही. वेस्ट बँकच्या आतील नाके बहुतांशी वसाहती आणि त्यांचे रस्ते यांच्याभोवती आहेत. या वसाहतीच चौथ्या जिनिव्हा संकेताशी विसंगत असल्याचे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४ मध्ये म्हटले आहे.

९ जुलै २००४ च्या त्या सल्लागार मतात भिंत आणि तिच्याशी निगडित परवाना-व्यवस्था संचारस्वातंत्र्याच्या तसेच काम, आरोग्य व शिक्षण यांच्या हक्कांच्या आड येते, असा निष्कर्ष आहे. त्याच्या नऊ दिवस आधी इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयानेही बेइत सुरिक गावाच्या प्रकरणात भिंतीच्या मार्गाचा सुमारे ३० किलोमीटरचा भाग बदलण्याचा आदेश दिला. कारण सुरक्षेच्या लाभाच्या मानाने शेतकऱ्यांची हानी प्रमाणाबाहेर होती. मार्ग बदलला, भिंत राहिली. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी आणखी पुढे जाऊन व्याप्त प्रदेशातील इस्रायलचे अस्तित्वच बेकायदेशीर ठरवले. इस्रायली समाजातूनही विरोधाचे सूर उठले आहेत. २००१ मध्ये स्थापन झालेल्या 'मह्सोम वॉच' या इस्रायली स्त्रियांच्या गटाने वर्षानुवर्षे नाक्यांवर उभे राहून रोजच्या नोंदी केल्या. या लेखातील विषयाच्या अभ्यासकास त्या अमोल आहेत.

कायद्याच्या भाषेत ज्याला हक्क म्हणतात, त्याचे नाक्यावर नेमके काय होते? परवान्याचा अर्ज जिल्हा समन्वय कचेरीत जातो. 'सुरक्षेच्या कारणास्तव मनाई' असा शेरा पडला तर सहसा कारण कळवले जात नाही. मजुराचा परवाना मालकाच्या नावाशी बांधलेला असे. मालक रुसला की परवाना गेला. त्यातून दलालांचा धंदा उभा राहिला आणि मजूर कमाईचा मोठा हिस्सा केवळ परवान्यापोटी दलालास देऊ लागले. परवान्याच्या मोबदल्यात खबरी होण्याचा आग्रह धरला जातो, अशा तक्रारी मानवी हक्क संघटनांनी नोंदवल्या आहेत. हक्क असलेला माणूस कारण विचारू शकतो. परवाना असलेला माणूस तो टिकावा म्हणून गप्प राहतो.

कलंदियाचे नूतनीकरण २०१९ मध्ये झाले. यंत्रावर कार्ड ठेवायचे, कॅमेऱ्याकडे पाहायचे आणि फाटक उघडते. पहाटेच्या रांगा पुष्कळ घटल्या आणि मजुरांना त्याचा दिलासाही वाटला. मात्र कार्डाला परवान्याची जोड नसेल तर फाटक उघडत नाही, हे पूर्वीइतकेच खरे राहिले.

२०२३ नंतर

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने दक्षिण इस्रायलवर केलेल्या हल्ल्यात सुमारे बाराशे जण मारले गेले आणि गाझात भीषण युद्ध सुरू झाले. वेस्ट बँकमधील दीड लाखाच्या आसपास मजुरांची इस्रायलमधील कामे एका आदेशासरशी थांबली. बहुतेकांचे परवाने निरुपयोगी झाले. १९७२ ते २०२३ या अर्धशतकात जी उपजीविका हक्क म्हणून सुरू झाली नव्हती, ती मेहरबानी म्हणूनही उरली नाही. त्यानंतरच्या काळात खेड्यांच्या तोंडाशी लोखंडी फाटके मोठ्या संख्येने बसवण्यात आली. त्यांवर सैनिक असतोच असे नाही, कुलूप पुरते.

वेस्ट बँकमधील लोकांच्या मोबाइलवर आता रस्त्यांची स्थिती सांगणारे गट असतात. घराबाहेर पडण्यापूर्वी शिक्षक, रुग्णवाहिकेचा चालक, लग्नाचे वऱ्हाड असे सारेच त्यांवर चौकशी करतात. कोणते फाटक उघडे आहे, कोणत्या नाक्यावर गर्दी आहे, कोठे नवी जीप आडवी लागली आहे, हे आधी वाटेत असलेला कोणी तरी कळवतो. उत्तर आले की लोक निघतात. पोहोचेपर्यंत ते उत्तर कधी खरे राहते, कधी नाही.